आरा, तार आणि ताण
डोंगरी सायकलच्या चाकावरील टिपणांची प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर सायकलच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले की एक काम हमखास पाहायला मिळते. कारागीर सायकल उलटी करतो, चाकाला झटका देतो आणि फिरत्या रिमजवळ खडूचा तुकडा धरतो. रिम जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. मग छोट्या चावीने त्या रेघेजवळचे दोन-चार निपल, म्हणजे तारा रिमला धरून ठेवणारे नट, कुठे पाव फेरा आवळायचे, कुठे तेवढेच सैल करायचे आणि चाक पुन्हा फिरवून पाहायचे. आपल्याकडे याला ‘आउट काढणे’ म्हणतात. हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याची मजुरीही थोडीच असते. पण त्या चावीखाली जे घडते ते समजून घ्यायला स्थितिस्थापकता, धातूचा थकवा आणि पूर्वताण या तिन्ही गोष्टींची ओळख लागते. ती करून देण्यासाठी ही टिपणे लिहिली आहेत.

ती लिहायला निमित्त एका साध्या प्रश्नाचे झाले. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातली मुले-मुली रविवारी पहाटे गिअरच्या सायकली काढून बाहेर पडू लागली आहेत. कोणी बीड बायपास ओलांडून इथल्याच साताऱ्याच्या खंडोबापलीकडच्या डोंगरात शिरतात, कोणी विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीकडे जातात, तर दमदार मंडळी दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळ गाठतात. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत मिळवलेली पदके त्यांना ठाऊक आहेत. यातले बरेच जण केव्हा ना केव्हा विचारतात, “सर, हलके स्पोक टाकू का? डोंगरात तुटणार तर नाहीत?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते, पण ते चुकीचे ठरण्याची शक्यता फार. नीट उत्तर द्यायचे तर अख्खे चाक उलगडावे लागते.

आधी शब्दांविषयी. दुकानात ‘स्पोक’ म्हणतात, जुनी माणसे ‘तार’ म्हणतात आणि बैलगाडीच्या चाकात तोच अवयव ‘आरा’ असतो. आरा हा शब्द संस्कृतातल्या ‘अर’पासून आला. चाकाला बारा आरे असल्याची कल्पना ऋग्वेदात आहे, म्हणजे वस्तूही जुनी आणि नावही जुने. मात्र आऱ्याच्या आधीही चाक होते. श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या दायमाबादला 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार जड वस्तू सापडल्या. त्यात दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्याची चाके भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत. मला हा रथ फार महत्त्वाचा वाटतो. चाकातले अनावश्यक द्रव्य काढून टाकायचे आणि तरी त्याची ताकद राखायची, हा खटाटोप जिथून सुरू झाला ती अवस्था आपल्याच मुलखात काशात ओतून ठेवलेली आहे. पुढे सुताराने ते भरीव लाकूड कोरून काढले, मध्ये तुंबा ठेवला, कडेला पुठ्ठे जोडले आणि दोहोंमध्ये आरे ठोकले. ‘हलके की टिकाऊ’ हा वाद तेव्हापासूनचा आहे.

बैलगाडीच्या चाकावर थोडे थांबणे जरूर आहे, कारण मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला या शास्त्रात शिरायला त्याहून चांगले दार नाही. लोखंडी धाव चढवण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते आठवेल. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, लाकूड कडकडते, धाव आकसते आणि सगळे सांधे आतल्या बाजूला आवळले जातात. गाडीत अजून एक पोतेही पडलेले नसते, तरी चाकातला प्रत्येक आरा दाबाखाली आलेला असतो. बाहेरचा भार येण्यापूर्वी वस्तूच्या अंगात मुद्दाम भरून ठेवलेल्या या बलाला पूर्वताण म्हणतात. आपल्या लोहारांना हा शब्द माहीत नव्हता, पण ही गोष्ट त्यांना पक्की माहीत होती.

सायकलच्या चाकात हाच विचार उलटा केलेला आहे. बारीक तार दाबली तर वाकते, म्हणून तिच्यात दाब भरता येत नाही. पण ती ओढून ठेवता येते. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने 1808 मध्ये उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची कल्पना टिपून ठेवली. पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 मध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. जेम्स स्टार्लीने 1874 मध्ये तारा तुंब्यापासून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना छेदत लावल्या. पायडलचा जोर तुंब्यापासून रिमपर्यंत पोचवायला हा तिरपेपणा लागतो. आज डिस्क ब्रेकमुळे पुढच्या चाकालाही तो लागतो, कारण हा ब्रेक तुंब्याला जोडलेली चकती पकडतो.

आता एक हिशेब करू. 32 तारांच्या चाकात प्रत्येक तारेत सुमारे 100 किलो वजनाइतका ताण असतो. म्हणजे कोपऱ्यात शांत उभ्या असलेल्या त्या चाकात सगळ्या तारांचा मिळून 3,200 किलोंचा ओढा चाललेला असतो. स्वार बसला की काय होते? पुष्कळांना वाटते की तुंबा वरच्या तारांना लटकतो. जॉब्स्ट ब्रँड्ट या अमेरिकी अभियंत्याने 1981 च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात संगणकीय गणिताने दाखवले की वरच्या तारांचा ताण जवळजवळ बदलत नाही. जमिनीलगतच्या दोन-चार तारांचा ताण मात्र कमी होतो. बैलगाडीचा खालचा आरा भाराखाली आणखी दाबला जातो. सायकलची खालची तार भाराखाली थोडी सैलावते. गणिताच्या भाषेत दोन्ही घटना एकच आहेत आणि दोन्ही चाके खालच्या आऱ्यांवर उभी असतात. ही गोष्ट मनात पक्की बसली की विषयाचे अर्धे अवघडपण संपते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी लहानपणी बैलगाडी पाहिली होती त्यांना ती लवकर पटली, हा माझा अनुभव.

येथून तारेच्या टिकाऊपणाकडे येतो. तार क्वचितच एका झटक्यात ओढून तुटते. ती थकून तुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती एकदा सैल होते आणि पुन्हा ताणली जाते, आणि लाखो वेळा हे झाल्यावर जिथे वाकण आहे किंवा आटे पाडलेले आहेत तिथे सूक्ष्म भेग सुरू होते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर केला. त्याचे सार असे की धातूला मारणारा भार जितका एकूण ताणाचा असतो, त्याहून अधिक तो चढउताराचा असतो. म्हणून तुटलेला स्पोक हातात आला की तो कुठे तुटला ते आधी पाहावे. तुंब्याच्या भोकाशी, वाकणापाशी तुटला असेल तर थकवा. आट्यात तुटला असेल तर निपल रिममध्ये तिरपा बसला होता का, ते तपासावे. मधोमध तुटला असेल तर दगड, काटकी किंवा मागच्या सर्वांत मोठ्या गिअर-चकतीवरून आत घसरलेली साखळी. मधोमध आपोआप तुटलेला स्पोक मी आजवर पाहिलेला नाही.

आणि नेमके मधोमधच हलक्या तारेचे द्रव्य काढलेले असते. साधी तार टोकापासून टोकापर्यंत 2 मिलिमीटर जाड असते. दुकानात तिला 14 नंबर म्हणतात, आणि नंबर वाढला की तार बारीक होते. बटेड तार दोन्ही टोकांना 2 मिलिमीटरच ठेवून मध्ये 1.8 किंवा 1.5 मिलिमीटर केलेली असते. पोलाद तापवत नाहीत. थंड अवस्थेतच ठोकून किंवा ओढून ते बारीक करतात, त्यामुळे मधला भाग अधिक कठीण होतो. जिथे तार तुटते तिथे द्रव्य राखले आणि जिथे तुटत नाही तिथले काढले, इतकी सरळ ही युक्ती आहे.

पण गंमत पुढेच आहे. 260 मिलिमीटर लांबीची साधी तार 100 किलोंच्या ताणाखाली सुमारे 0.40 मिलिमीटर लांबते. 1.5 मिलिमीटर कमरेची तार तेवढ्याच ताणाखाली सुमारे 0.65 मिलिमीटर लांबते. हूकचा नियम अकरावीत शिकलेल्या कोणालाही हे आकडे काढता येतील, आणि त्यांनी ते काढावेतच. आता समजा, चाक दगडावर आदळले आणि रिम त्या जागी 0.40 मिलिमीटर आत आली. साध्या तारेची सगळी लांबण संपली, म्हणजे तिचा ताण शून्य झाला. निपल क्षणभर मोकळा झाला, आणि असे वारंवार झाले की तो आपोआप फिरून सैल होतो. बारीक तारेत मात्र त्याच क्षणी एक तृतीयांशाहून अधिक ताण शिल्लक असतो. शिवाय बारीक तार थोडी जास्त माघार घेते, त्यामुळे तो धक्का शेजारच्या तारांनाही वाटून घ्यावा लागतो. प्रत्येकीच्या वाट्याचा चढउतार कमी होतो आणि थकवाही कमी होतो. मधोमध बारीक केलेली तार, टोके तीच राहिली तर, साध्या तारेपेक्षा जास्त काळ टिकते. ‘बारीक म्हणजे कमजोर’ ही आपल्या मनातली सहज समजूत इथे कोसळते, आणि या विषयाने मला धरून ठेवले ते याच जागी.

म्हैसमाळच्या उतारावर माझ्या मागच्या चाकाच्या दोन तारा एकाच महिन्यात तुटल्या होत्या. दोन्ही जाड, साध्या, डाव्या बाजूच्या. मागच्या चाकात उजवीकडे गिअरची चकती असते, म्हणून उजव्या तारा उभट आणि जास्त ताणलेल्या, तर डाव्या तारा तिरप्या आणि बऱ्याच सैल ठेवाव्या लागतात. जोर उजवीकडे आहे म्हणून उजव्याच तारा तुटायला हव्यात असे मी धरून चाललो होतो. कमी ताणाच्या जाड तारा दर धक्क्याला पूर्ण सैल पडत होत्या, हे मला ब्रँड्टचे पुस्तक पुन्हा उघडल्यावर कळले. नंतर मी डावीकडे 1.5 आणि उजवीकडे 1.8 मिलिमीटरच्या तारा घातल्या. ते चाक आजही माझ्या सायकलला आहे.

आता वजनाचे. आकडे काढले की उत्साह थोडा निवतो, आणि तो निवावा असे माझे मत आहे. 260 मिलिमीटरची साधी तार सुमारे 6.4 ग्रॅम भरते, 1.8 ची 5.5 आणि 1.5 ची 4.3. दोन्ही चाकांत मिळून 64 तारा. सगळ्या साध्या काढून सगळ्या 1.5 च्या घातल्या तर सुमारे 135 ग्रॅम वाचतात. सायकल आणि स्वार मिळून 82 किलो धरले तर ही बचत हजारात दोन भागांहूनही कमी आहे. 300 मीटर उंचीचा चढ 150 वॅटच्या जोराने चढणाऱ्याला त्यातून अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. “पण हे फिरते वजन आहे ना, ते दुप्पट मोजायचे!” असे कोणी म्हणेल. ते टायर आणि रिमला लागू आहे. तारेचे बरेचसे द्रव्य मध्याजवळ असते, त्यामुळे वेग घेताना तिचा एक ग्रॅम सव्वा ग्रॅमासारखा वागतो, टायरचा मात्र जवळजवळ दोन ग्रॅमांसारखा. ज्याला चाक हलके हवे आहे त्याने आधी टायर आणि रिमकडे पाहावे.

तारांची संख्या कमी करून वजन वाचवण्याचा मोहही असतो. 28 साध्या तारा 179 ग्रॅम भरतात, 1.8 च्या 32 तारा 176 ग्रॅम. वजन तेच, पण दुसऱ्या चाकात चार तारा जास्त आहेत, आणि एक तुटली तर उरलेल्या एकतीस चाकाला घरापर्यंत आणतात. ही तुलना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कागदावर मांडायला लावतो.

बारीक तारेची खोडही सांगितली पाहिजे. निपल आवळताना ती पिळली जाते. चावी फिरलेली दिसते, निपल फिरलेला वाटतो, प्रत्यक्षात तारच अर्धा फेरा गुंडाळलेली असते. पहिल्या दोन किलोमीटरांत ती टिंग टिंग करत उलगडते आणि काढलेला आउट परत येतो. यावर उपाय म्हणजे तारेवर शाईचा ठिपका देऊन पीळ डोळ्यांनी पाहणे, आणि निपल हवा त्याहून थोडा जास्त आवळून तितकाच मागे फिरवणे. पट्टीसारख्या चपट्या तारा असतील तर त्या खाचेच्या साधनाने धरून ठेवता येतात. त्यांचा मोठा फायदा वारा कापण्यापेक्षा हाच आहे, असे मला वाटते. दुसरी मर्यादा आडव्या ताठपणाची. 1.5 च्या तारेचा ताठपणा साध्या तारेच्या सहा दशांशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे वजनदार स्वाराला वळणावर चाक डुलल्यासारखे वाटू शकते. तिसरी गोष्ट निपलची. पितळी निपल काढून अॅल्युमिनियमचे घातले तर दोन्ही चाकांत मिळून चाळीसेक ग्रॅम वाचतात, पण पावसाळी चिखलात पोलाद आणि अॅल्युमिनियम शेजारी राहिले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, निपल जाम होतो आणि पुढच्या वर्षी चावी लावली की त्याचे कान झिजतात. तारेत केलेली बचत चाकाला बळ देते आणि निपलमधली बचत चाक दुरुस्त करण्याची शक्यताच हिरावते. दोहोंना एकाच तागडीत घालू नये.

टिकाऊपणाला जागेचाही संदर्भ असतो. आमच्याकडची जमीन बेसाल्टची. डोंगरात पायवाटेवर मुरूम, त्यात अर्धे बुडालेले काळे दगड, आणि पावसानंतर टायरला थापीसारखा बसणारा चिखल. रस्त्यावरच्या शर्यतीत मदतनिसांची गाडी मागे असते. रविवारी सकाळी साताऱ्याच्या डोंगरात ती नसते. परदेशी बनावटीची तार, मग ती बेल्जियमच्या सॅपिमची असो की स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसची, उत्तम असते यात शंका नाही. पण तुटल्यावर नेमक्या लांबीची तार कुठे मिळेल, हे आधी पाहून ठेवले पाहिजे. म्हणून मी चाक बांधताना दोन्ही बाजूंच्या लांबीच्या दोन-दोन तारा जास्त घेतो आणि सीटच्या नळीत ठेवतो. या सवयीला मी टिकाऊपणाच्या व्याख्येतच धरतो.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? साठ ते ऐंशी किलोंच्या स्वाराला, या डोंगरांसाठी, माझा निर्वाळा असा: 32 तारा, दोन्ही टोकांना 2 आणि मध्ये 1.8 मिलिमीटर, तीन छेदांची बांधणी (म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना छेदते), पितळी निपल. अंगाने हलका असलेल्या, शर्यतीत उतरणाऱ्या स्वाराने मागे डावीकडे आणि पुढे डिस्कच्या विरुद्ध बाजूला 1.5 च्या तारा जरूर घालाव्यात. वजनदार स्वाराने कुठेही 1.8 च्या खाली उतरू नये. साध्या 14 नंबरच्या तारा नव्याने विकत घेण्याचे कारण मात्र, किंमत सोडली तर, मला दिसत नाही.

हा निर्वाळा एका अटीवर आहे, आणि पुढच्या पानांचा मोठा भाग त्या अटीवरच खर्च झाला आहे. चाक हाताने नीट बांधलेले हवे. एका बाजूच्या सगळ्या तारांचा ताण सारखा हवा, तुंब्यापाशी वाकण नीट बसवलेले हवे, आणि शेवटी शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या पंजात धरून जोराने आवळलेल्या हव्यात, म्हणजे वाकणात कारखान्यापासून राहिलेला ताण निघून जातो. ओबडधोबड बांधलेल्या चाकात महागड्या हलक्या तारा घालण्यापेक्षा साध्या तारांचे नीट बांधलेले चाक केव्हाही जास्त चालेल.

ताण मापायला यंत्र मिळते, पण सुरुवात कानाने करा. तार छेडा. एकाच बाजूच्या, एकाच जाडीच्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. मिरजेचा तंतुवाद्य बनवणारा कारागीर ज्या नियमाने तंबोरा लावतो तोच नियम इथे आहे. आणि ताण व लांबी तीच ठेवून 2 ऐवजी 1.5 मिलिमीटरची तार छेडली तर सूर चारास तीन या प्रमाणात चढतो, म्हणजे षड्जावरून जवळजवळ शुद्ध मध्यमावर जातो. त्यामुळे वेगळ्या जाडीच्या तारांचे सूर एकमेकींशी जुळवायला जाऊ नका, फसाल.

या अभ्यासाला येताना फार काही आणावे लागत नाही. अकरावीचे भौतिकशास्त्र, एक स्पोकची चावी, खडूचा तुकडा आणि एक जुने चाक पुरे. जुने चाक कोणत्याही दुकानाच्या मागे पडलेले मिळते. ते पूर्ण उकला, तारा मोजा, तोला, वाकणे भिंगाखाली पाहा आणि मग पहिल्या प्रकरणातल्या आकृतीप्रमाणे परत बांधा. पहिले चाक बिघडेल, दुसरे चालेल. ज्या कारागिरांनी मला चावी धरायला शिकवली त्यांच्यापैकी कोणी यांत्रिकीचे पुस्तक उघडलेले नव्हते, आणि ज्या अभियंत्यांनी मला थकव्याचे गणित शिकवले त्यांच्यापैकी कोणी चाक बांधलेले नव्हते. वाचकाने दोन्हीकडे जावे अशी माझी विनंती आहे. चूक आढळली, आकडा पटला नाही, तर स्वतः तोलून-मोजून पाहावे आणि मला कळवावे. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती आनंदाने करीन.

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर